पडलेले कोणाचे?

देवाला फूल वाहण्याचा एक नियम आमच्या घरी लहानपणीच शिकवला गेला. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही. जास्वंद असो, कण्हेर असो, झाडावरून खुडून आणले तरच ते तबकात जाते. अपवाद एका पारिजातकाचा. त्याची फुले पहाटे आपणहून गळतात आणि ती खालून वेचूनच वाहतात. हा अपवाद ज्यांनी घातला त्यांनी फार विचार केला होता की नाही, कोण जाणे. पण मला त्यात एक अवघड प्रश्न दडलेला दिसतो. ‘मी तोडले नाही, पडलेले उचलले’ एवढे म्हटले की माणूस दोषातून सुटला का?

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा कसला कीस काढता! पण हा प्रश्न माझ्या मागे लागला तो माझ्याच एका नादामुळे, म्हणून आधी त्या नादाविषयी सांगितले पाहिजे.

मी काही कलावंत नव्हे. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात उमेद गेली. निवृत्त होऊन बदलापुरात स्थिरावल्यावर लाकडात आकार शोधण्याचा छंद जडला. वाळलेली मुळे, गाठाळ फांद्या, नदीने घासून गुळगुळीत केलेले गोटे, बेहड्याची फळे, सावरीची फुटकी बोंडे, सागरगोटे, गुंजा, जे दिसेल ते पिशवीत घालून आणायचे. घरी आणून घासायचे, साल काढायची, फार तर तेलाचा हात द्यायचा. लाकडात असतो तो आकार फक्त मोकळा करायचा, नवे काही कोरायचे नाही, असा आमचा दंडक. आमचा म्हणजे माझा आणि शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांचा. दोघे मिळून हिंडत असू. बारवीच्या बाजूचे रान, कोंडेश्वरची वाट, उल्हास नदीचा काठ, एवढा आमचा मुलूख.

आपल्या भाषेत या एका कामाला किती शब्द आहेत पाहा. फुले वेचतात, तुळस खुडतात, आंबे उतरवतात, चिंचा झोडपतात, शेण गोळा करतात, आणि हाताला धरबंध राहिला नाही म्हणजे ओरबाडतात. हात तोच, पण प्रत्येक शब्दात त्या हाताची रीत निराळी. ‘सापडणे’ हा शब्द तर फारच गोड आहे. ‘मला मूळ सापडले’ असे आपण म्हणतो. त्या वाक्यात सापडण्याचे काम मूळ करते, मी नुसता बाजूला उभा असतो. व्याकरणाने शिकवलेला हा नम्रपणा आम्हां हौशी मंडळींच्या अंगी मात्र फारसा उतरत नाही.

असो. २०१९ सालचा जुलै महिना पुष्कळांच्या स्मरणात असेल. २७ जुलैला उल्हास नदीने पात्र सोडले, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. इकडे बदलापुरात कित्येकांच्या घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर लोक चिखल उपसत होते. आणि आम्ही दोघे म्हातारे, सांगायला लाज वाटते, चारपाच दिवसांनी पिशव्या घेऊन नदीकाठी निघालो. पुराने वरच्या डोंगरांतून काय काय आणून टाकले असेल याचीच आम्हांला ओढ.

काठावर लाकडाचा खच पडला होता. त्यात मला एक मूळ दिसले. कशाचे होते ते कळण्याच्या पलीकडे गेलेले, पण मान वळवून पाहणाऱ्या मोराचा आकार अगदी नेमका. मी ते चिखलातून ओढीत होतो, तेवढ्यात एक कातकरी बाई डोक्यावर चुंबळ आणि हातात कोयती घेऊन आली.

“काय हुडकता, बाबा?”

“हे मूळ बघतोय, माउली. यात मोर आहे.”

ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मोर? मला तर दोन दिवसांचा सैपाक दिसतो.”

आणि हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. घरी गॅसची टाकी आहे, पण ती भरायला पैसे कुठून आणायचे, असेही बोलता बोलता म्हणाली. मग “न्या तुम्ही, लई पडलंय” म्हणून पुढे गेली. मी ते मूळ नेले. मास्तरांनी एका बाजूने धरले, मी दुसऱ्या बाजूने.

मोर झाला. चांगला झाला. एका शाळेच्या सभागृहात हौशी मंडळींच्या वस्तू मांडल्या होत्या, त्यात तोही ठेवला. खाली पुठ्ठ्यावर माझे नाव. लोक येत, वा वा करीत. त्या पुठ्ठ्याकडे दोन दिवस बघता बघता मला चमत्कारिक वाटू लागले. झाडाने ते मूळ वाढवले, दगडांच्या फटीत शिरताना त्याला बाक आला, पुराने ते उपटले, वाळूने घासले, त्या बाईने ते सोडले. आणि नाव कोणाचे? ज्याने शेवटी तेलाचा बोळा फिरवला त्याचे!

मास्तरांना हे बोलून दाखवले तर ते म्हणाले, “अहो, ते कुजूनच जाणार होते. आपण त्याला आयुष्य दिले.” या छंदातले सगळेच लोक असे म्हणतात, मीही म्हणत असे. पण ‘कुजून जाणे’ म्हणजे काय, हे एकदा रानात बसून पाहावे. पडलेल्या ओंडक्याची साल उचलली तर खाली वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, गोमी असा सगळा प्रपंच चाललेला असतो. त्यांच्या मागावर पक्षी येतात. पावसाळ्यात त्याच ओंडक्यावर अळंबी धरतात. चारदोन वर्षांत त्याची माती होते आणि त्या मातीत नवे रोप उभे राहते. लाकूड फुकट गेले हा आपल्या खतावणीतला शेरा झाला. रानाच्या खतावणीत तेच लाकूड जमेला असते. तुकोबांनी वृक्षवेलींना सोयरे मानले, हे आपण कीर्तनात माना डोलावून ऐकतो. सोयऱ्याच्या घरी गेल्यावर ओसरीत पडलेली वस्तू आपण ‘पडलीच होती’ म्हणून पिशवीत घालतो का?

सरकारी कायदाही या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वाहत आलेल्या लाकडासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पाण्यावर तरंगणारे, काठाला लागलेले, बुडालेले इमारती लाकूड हे, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत, सरकारचे धरावे असे त्यात सांगितले आहे. रानातून आलेली पाने, फुले, फळे, वेली, गवत, इतकेच काय माती आणि दगडही त्या कायद्याने वनोपज ठरतात. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. झुडपी लाकूड आणि झाडांचे बुंधे त्यात येतात. म्हणजे त्या काठावर उभ्या असलेल्या आम्हा तिघांत हक्काची भाषा बोलण्याचा अधिकार असलाच तर त्या बाईचा जास्त होता. आणि उदारपणे ‘न्या’ म्हणाली तीच. मी कायद्याच्या दंडाला भ्यालो असे नव्हे. एका मुळासाठी हौशी माणसाला कोण धरतो? मला खटकले ते हे, की ती वस्तू बेवारस आहे असे मी धरूनच चाललो होतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. या पट्ट्यात एवढे कारखाने आले. अंबरनाथला १९२० च्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना निघाला, तो आता बंद आहे. पण चालू होता तेव्हा काड्यांसाठी सावरीसारखे हलके लाकूड किती लागले असेल याची कल्पना करावी. डोंगर फोडून खडी झाली, रानांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तिथे कोणी प्रश्न विचारला नाही आणि एका म्हाताऱ्याच्या मुळाचा हिशेब कशाला? आक्षेप खरा, पण त्याचा आधार घेऊन मी सुटत नाही. सावकाराने गाव बुडवले म्हणून मापात मारणारा वाणी निर्दोष ठरत नाही.

मग तोडणे तेवढे वाईट आणि वेचणे तेवढे चांगले, असा सरळ नियम करावा काय? तोही टिकत नाही. आमच्या अंबरनाथचे शिवमंदिरच त्याला आडवे येते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तिथे आहे. शिलाहार राजांच्या काळातले हे काम. सारे मंदिर काळ्या पाषाणाचे. हा दगड कोणी वाटेवर पडलेला वेचून आणला नव्हता. खाणीत सुरुंगाशिवाय, छिन्नी-पहारीने तोडून काढला होता. भिंतीचा वीतभर भाग कोरल्यावाचून सोडलेला नाही, आणि गाभारा पाहावा तर जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावे लागते. नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ ते उभे आहे आणि आजही महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. डोंगराचे जे घेतले ते इतक्या पिढ्यांना वाटले गेले, तेव्हा त्या तोडण्याला ओरबाडणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उलट बाजू अशी, की त्याच मंदिराच्या आवारात जुना घडीव दगड पडलेला दिसला तर? तोही ‘पडलेला’च! एखाद्या हौशी गृहस्थाने तो पिशवीत घालून घरी नेला तर आपण त्याला सरळ चोर म्हणू, आणि पुरातत्त्व खाते तर म्हणेलच, कारण ते संरक्षित स्मारक आहे. म्हणजे पडलेपणाने वस्तू आपोआप मोकळी होत नाही, हे दगडाच्या बाबतीत आपल्याला पटते. मुळाच्या बाबतीत पटत नाही, एवढेच. १८६८ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेच्या मंडळींनी या मंदिराची रेखाटने केली आणि मूर्तिकामाचे साचे घेतले. काय न्यायचे ते नेले आणि मूळ दगड जागच्या जागी ठेवला. हा प्रसंग कळल्यापासून मी पिशवीबरोबर एक चोपडी आणि पेन्सिल नेऊ लागलो. खरे सांगायचे तर निम्म्या वेळा चोपडीनेच भागते.

मंदिराशेजारून वालधुनी वाहते. अंबरनाथहून ती उल्हासनगरात शिरते. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व मागे टाकून आलेल्या लोकांनी हाताशी येईल त्या वस्तूतून धंदे उभे केले. कोणाला ‘टाकाऊ’ म्हणावे आणि कशाला ‘टिकाऊ’, हे त्यांच्याकडून शिकावे. पण नदीचे मात्र तिथे हाल झाले. २०१४ साली टँकरमधून कोणी रसायन वालधुनीत ओतले आणि उल्हासनगरात शेकडो माणसे गुदमरून आजारी पडली. त्या काठाला आम्ही एकदा पिशव्या घेऊन गेलो होतो. मुळे नाहीत, गोटे नाहीत. प्लास्टिक, चिंध्या, फेस. मास्तर म्हणाले, “इथे घेण्यासारखे काही नाही.” तेवढ्यात एक पोरगा त्याच घाणीतून बाटल्या वेचताना दिसला. त्याच्या पोत्यात सगळे घेण्यासारखेच होते. फर्निचरच्या दुकानांमागे पडणारे लाकडाचे तुकडे पाहावे म्हणून गेलो, तर त्यांनाही गिऱ्हाईक ठरलेले. शोधून पाहा, ज्याला कोणी वाली नाही अशी वस्तू सापडणे फार कठीण.

मोराकडे पुन्हा वळतो. प्रदर्शनात एका सद्गृहस्थांनी सुचवले, “याला मागे खरी पिसे लावा, शोभा येईल.” मी बाजारात गेलो. जुडीच्या जुडी मिळते. विचारले, “गळलेली की उपटलेली?” दुकानदार म्हणाला, “गळलेलीच हो, मोर दरवर्षी टाकतो.” मोर पिसे टाकतो हे खरे. १९७२ च्या कायद्याने मोराला पूर्ण संरक्षण आहे, आणि तरी त्याच्या शेपटीच्या पिसांना देशातल्या देशात विकण्याची सवलत आहे, ती याच समजुतीवर, की ती रानात गळलेली मिळतात. पण त्या जुडीतले कोणते पीस पहाटे रानात सापडले आणि कोणते मोर मारून उपटले, हे दुकानाच्या उंबऱ्यावर कसे ओळखणार? मी पिसे घेतली नाहीत. दारी येणाऱ्या वासुदेवाच्या टोपीकडे मी बोट दाखवीत नाही. त्याचा पिसारा बापाकडून लेकाकडे येतो. पण आपण दरवर्षी नवी जुडी घेतो, आपले काय?

हाच प्रश्न थोडा अधिक जवळ आणतो. वाचकांनी राग मानू नये. आपल्या गळ्यातली माळ तुळशीच्या काष्ठाची. तुळस आपले दिवस भोगून, मंजिऱ्या झडून वाळली म्हणजे तिच्या खोडाचे मणी करायचे, अशी यामागची गोड कल्पना. वारीच्या दिवसांत माळांचे ढीग लागतात. ‘ही तुळस आपणहून वाळली का?’ असे आपल्यापैकी कितीजणांनी माळवाल्याला विचारले? मी तरी सत्तर वर्षांत विचारले नव्हते.

जुन्या लोकांनी वेचण्याची एक शुद्ध रीत सांगून ठेवली आहे. तिला शास्त्रात उंछवृत्ती म्हणतात आणि शेतात सरवा वेचणे म्हणतात. धन्याने कापणी केली, खळे झाले, धान्य घरी गेले. त्यानंतर शेतात जी चार कणसे, जे चार दाणे राहिले ते गोरगरिबांनी वेचावे. मनुस्मृतीत या वृत्तीला ‘ऋत’ असे मोठे नाव दिले आहे. महाभारतात, अश्वमेधाच्या शेवटी, अर्ध्या सोन्याच्या मुंगसाची गोष्ट येते. सरवा वेचून जगणारे कुरुक्षेत्रातले एक कुटुंब, दुष्काळात कसाबसा मिळवलेला शेरभर जवाचा सातू, आणि दाराशी आलेला भुकेला पाहुणा. चौघांनीही आपापला वाटा त्याला दिला. तिथे सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. धर्मराजाच्या एवढ्या यज्ञात लोळूनही उरलेले अर्धे झाले नाही. ही गोष्ट दानाची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरे एक दिसते. त्या कुटुंबाने वेचताना आपली पाळी सर्वांत शेवटची मानली होती, आणि वेचून घरी आणलेलेही आपले मानले नाही.

आम्ही काठावर गेलो ते मात्र पहिले. चिखल वाळायच्या आत गेलो, चांगले तेवढे निवडले, आणि लाकूडफाट्याला येणाऱ्या बाया आमच्या मागून आल्या. सरव्याची रीत आम्ही नेमकी उलटी केली होती.

वारली घरांतली लग्नाची चित्रे मी या संदर्भात नेहमी आठवतो. भिंत शेणागेरूने सारवायची, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चेचून कुंचला करायचा, आणि सवाष्णींनी चौक लिहायचा. घरातले तांदूळ, गोठ्यातले शेण, कुंपणाचा बांबू. लग्न उरकले म्हणजे चित्र उडत जाते, भिंत पुन्हा सारवली जाते. कोणी जपून ठेवीत नाही आणि खाली नावही घालीत नाही. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. ते झाले ते चांगलेच झाले. पण भिंतीवरचे ते मूळ चित्र जिथून सामान घेते तिथेच ते परत टाकते, ही गोष्ट कागदाला साधणारी नाही, आणि माझ्या तेल पाजलेल्या मोरालाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर मी काठाला गेलो तो मुद्दाम उशिरा. ती बाई पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते, पण भेटली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या, मोळ्या बांधणे चालले होते. मला ओळखून म्हणाली, “काय बाबा, मोर उडाला का?”

मी म्हटले, “आहे घरी. यंदा तुमचं झाल्यावर उरलं तर बघेन म्हणून आलो.”

तिला हे विनोदी वाटले असावे. मोळी आवळता आवळता तिने पायानेच एक वेडेवाकडे मूळ माझ्याकडे लोटले. “हे घ्या. लई वाकडं हाय, मोळीत बसत नाय. डोक्यावर टोचतं.”

मी ते उचलून पाहिले. आकार ठीक होता. बसलेल्या सशासारखा, थोडी कल्पना केली तर. उलटे केले तेव्हा दिसले, खालच्या बाजूने वाळवीने घर केले होते आणि ती आत लगबगीने पळत होती. बायांनी मोळ्या उचलल्या. मी ते मूळ होते तसे खाली ठेवले, चोपडी काढली, आणि मास्तरांना हाक मारून म्हटले, “जरा थांबा, पाच मिनिटे लागतील.”